चिखलात आधी पडलेला पाय

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कागद कोणाच्या हाती लागलेच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. जे लिहिते आहे ते तोंडाने मला कधीच नीट सांगता आलं नाही.

आमच्या गावच्या बायांची टोळी मोहाडीकडे गुत्त्याने धान रोवायला जायची. शेताच्या इतक्या बांध्या रोवायच्या, त्याचे इतके पैसे, हे आधीच ठरायचं. टोळीची मुकादमीण माझी चुलतसासू होती. तोंडाने मोठी फटकळ. ठरल्याबाहेरची बांधी आली की ती काठाच्या धुऱ्यावरच उभी राहायची. सगळ्यांना ऐकू जाईल असा भाव मालकाने बोलल्याशिवाय पाय खाली टाकायची नाही, आणि तिच्याआधी कोणी उतरायचं नाही. मुकादमिणीचा पाय चिखलात पडला की बोलणं संपलं, मग मालक देईल ते घ्यायचं, अशी रीत होती.

आणीबाणी उठली त्या वर्षी तिचे गुडघे गेले. बायांनी मला पुढे केलं. मी कोणाशी भांडत नाही आणि हिशोब चोख ठेवते, म्हणून. मलाही बरं वाटलं. माझ्या न बोलण्याला सगळे चांगुलपणा म्हणत, आणि मीही तसंच समजत होते.

ठरलेल्या बांध्या रोवून झाल्या त्या दिवशी मालकाने पलीकडची मोठी बांधी दाखवली. परे उरलेत, उपटलेली रोपं वाया जातील, तेवढं आटपून द्या, म्हणाला. बाया कंबरेवर हात ठेवून माझ्या मागे उभ्या होत्या. माझी घरशेजारीण हळूच म्हणाली, "भाव बोल ना वो आधी."

जीभ उचललीच नाही. मालक माझ्याकडे पाहत होता. ते पाहणं टळावं एवढ्यासाठी मी रोपांची पेंडी उचलली आणि उतरले. माझ्यामागून सगळ्या उतरल्या.

संध्याकाळी मालकाने ठरलेले तेवढेच पैसे हातावर ठेवले. मी ते मोजून पदराला बांधले. वाटेत बायांनी त्या बांधीचं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "दिवाळीले देतो म्हणे." मालक असं काहीच म्हणाला नव्हता. एरवी दोन शब्द बोलताना अडखळणारी मी, ते मात्र न अडखळता बोलले.

शेजारणीची लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. त्या पैशांच्या भरवशावर तिने डिंक, खोबरं, तूप उधारीवर आणलं. दिवाळी गेली. दुकानदार तिला बाजारात चारचौघांत बोलला. तिने मला विचारलं, तर मी सांगितलं, मालक गावी नाही. शेवटी चुलतसासू बैलबंडीत बसून स्वतः मालकाकडे गेली. परत आली ती सरळ माझ्या अंगणात.

"त्यानं तुले कबूलच नव्हतं केलं," ती म्हणाली. "तोंड नव्हतं तर मले सांगतीस. मी असीच बंडीत बसून आली असती. या बायायले काहून खोटं सांगितलं?"

मी खाली पाहत राहिले. तेव्हासुद्धा.

पुढच्या रोवणीला माझ्यामागे कोणी आलं नाही. दुसरीलाही कोणी मुकादमीण केलं नाही. दोघी-तिघी मिळून जिकडे-तिकडे गेल्या आणि मालक म्हणेल त्या भावात उतरल्या. चुलतसासूने इतकी वर्षं धरून ठेवलेला भाव एका पावसाळ्यात पडला. तो मला परत आणता येणार नव्हता. पण त्या बांधीचे पैसे देता येण्यासारखे होते. मी विड्या वळायला लागले. जमेल तसं एकेकीला देत गेले, पण गुपचूप, पदराआडून.

शेजारीण घेईना. कोणी नसताना गेले की ती आत निघून जायची. तिचा नातू शाळेत जायला लागला तरी तिचे पैसे माझ्याकडेच होते. मग एका दुपारी तिच्या ओसरीवर बाया विड्या वळत बसल्या होत्या, तेव्हाच गेले. त्या बांधीचे पैसे आणलेत, म्हणाले.

मांडीवरच्या सुपावरून मान वर न करता ती म्हणाली, "मले आयकू नाही आलं."

बायांचे हात थांबले. मी मोठ्याने बोलले, कोणत्या बांधीचे, किती, आणि मालकाने नव्हे, मी देते आहे, हेही. तिने हात पुसले, नोटा मोजल्या आणि कमरेला खोचल्या.

"झाले पुरे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि पुन्हा पानं कापायला लागली.