वर-खाली विस्तव

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझा प्रकल्प असा होता: जांभ्या दगडाची भुकटी खूप तापवायची, तिच्यावरून मिथेन वायू सोडायचा आणि त्या वायूतला कार्बन भुकटीवर काळा होऊन बसतो का ते पाहायचं. भातखाचरांतून आणि शेणातून हवेत जाणारा, हवा तापवणारा हा वायू. त्याचंच टायरमध्ये किंवा बॅटरीत घालता येईल असं काही करता आलं तर, अशी ती कल्पना. जांभ्यात लोखंड असतं, ते हे काम घडवून आणतं. म्हणजे तो उत्प्रेरक. वर्गातल्या बाकीच्यांनी बाटलीतली रसायनं घेतली. मी आमच्या गावच्या चिरेखाणीतला चुरा पिशवीत भरून आणला. सर म्हणाले, "छान आहे." कोणी छान म्हटलं की मी पुढचं काही विचारायची राहते, हा माझा दोषच आहे.

भुकटी आधी कडक भाजून घ्यावी लागते, तिच्यातलं पाणी आणि झाडपाल्याचा अंश जायला हवा म्हणून. विभागातल्या छोट्या भट्टीची कॉइल जळली होती. दुरुस्तीवाला कोल्हापूरहून येणार होता, तो येत नव्हता. शेवटी एका शनिवारी मी एसटीने गावी गेले आणि पिशवी आईपुढे ठेवली.

"हे भाजून हवंय. जितकं कडक होईल तितकं."

"म्हणजे किती?"

"लाल होईपर्यंत."

"ता लालच हाय गो."

तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, गोड धोंडस भाजतात तसं आईने ते भाजलं. टोपाखाली विस्तव, झाकणावर विस्तव, आणि दुपारभर तसंच ठेवून दिलं. मी तेवढा वेळ काजू वेचायला गेले होते. संध्याकाळी गार झालेली भुकटी मी खलात घोटली, बरणीत भरली आणि प्रयोगाच्या वहीत 'भाजलेली भुकटी' असं लिहिलं. कुठे भाजली ते लिहिलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, वहीत काय लिहितात ते मी दुसऱ्यांच्या वह्या बघून शिकले, आणि कोणाच्याच वहीत चूल नव्हती.

कॉलेजात नळीची वेगळी भट्टी होती, तिच्यात एका वेळी चमचाभरच भुकटी मावायची; तिच्यात ती तापवून वायू सोडला. नळीतून काढलेली भुकटी काळी झाली होती. मला फार आनंद झाला. मग वजन केलं तर ते वाढायच्या जागी कमी झालेलं. सरांनी समजावलं की वायूत तापवताना लोखंडाबरोबरचा ऑक्सिजन निघून जातो, त्याने वजन घटतं. आणि तसं लोखंड स्वतःही काळं दिसतं, तेव्हा काळ्या रंगावर विश्वास ठेवू नकोस, आम्लात टाकून बघ. लोखंड विरघळेल, कार्बन असेल तर उरेल. मी टाकलं. गाळणकागदावर करडा-काळा गाळ उरला. सर दोन वेळा मान हलवून म्हणाले, "आहे." त्याच आठवड्यात त्यांनी जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी माझ्या कामाचा सारांश पाठवला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मिथेनपासून कार्बन मिळाला.

स्पर्धेला दहा-बारा दिवस राहिले असताना मी घरी गेले. आई भाकऱ्या थापत होती. मी तिला म्हटलं, भुकटी काळी झाली, जमलं.

"माज्या भाजण्यानं जमला ना मग?" ती खूश होती. "झाकाण काढताना एक निखारा पडला व्हता आत. मी वेचून काढला. चुरा ऱ्हायला आसंल थोडा."

मी विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"धोंडसात पण पडतो की. खातो ना आपण?"

म्हणजे गाळणकागदावर उरलेला कार्बन वायूतून आला होता, की आईच्या निखाऱ्यातून, हे मला सांगता येत नव्हतं. मी सगळं खलात घोटून एकजीव केलं होतं.

सोमवारी बरणीच्या तळाशी उरलेली, वायू न लागलेली भुकटी मी आम्लात टाकली. नुसती वाळू उरून ती पांढुरकी दिसली असती तर मी सुटले असते. ती करडी उरली. आधीच्यापेक्षा फिकट होती असं वाटलं, पण खिडकीजवळ नेली की तेही वाटेना. वजन तीन वेळा केलं, तीन वेगळे आकडे आले. नवा प्रयोग करायचा तर मिथेनचं सिलिंडर संपलेलं. मी वही घेऊन सरांकडे गेले आणि चुलीपासून सगळं सांगितलं.

सरांनी वही उलटून पाहिली. "इथे चूल कुठे आहे?"

"लिहिली नाही सर."

"म्हणजे कार्बन मिळाला नाही, असं म्हणतेस?"

"तसंही म्हणता येत नाही सर."

"मग म्हणतेस काय?"

सर चिडले नव्हते, चिडले असते तर बरं वाटलं असतं. वही मला परत देत म्हणाले, "नाव मागे घ्यायचं तर घे. बोलायचं ठरवलंस तर चुलीचंही सांगायचं."

मला नाव मागे घ्यायचं होतं. तरी स्पर्धेच्या दिवशी मी बोलायला उभी राहिले, आणि ते का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित नाव मागे घेताना काय कारण लिहावं ते सुचलं नाही म्हणून असेल. भाजण्याची पद्धत आली तेव्हा मी म्हटलं, "घरच्या चुलीवर, वर-खाली विस्तव ठेवून. त्यात एक निखारा पडला होता." मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. परीक्षक बाईंनी चुलीचं तापमान विचारलं.

"मोजलं नाही मॅडम."

"निखारा केवढा होता?"

हे मी आईला फोनवर विचारून ठेवलं होतं. "वालाच्या दाण्याएवढा."

आता बरेच जण हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग कार्बन वायूतून आला का?"

"थोडा आला असावा असं वाटतं. पण नुसतं वाटतं."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. ते चांगलं होतं की वाईट, कळलं नाही. नंबर आला नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "आला काय गो नंबर?"

"नाही."

"माज्यामुळं काय?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि अडखळले. वही मी नीट लिहिली नव्हती, म्हणून माझ्यामुळे. पण तिला हे सांगायचं तर वही म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, "तसं नाही गं. परत करायचंय सगळं."

"मग आण परत. या टायमाला झाकणावर नाय ठेवनार विस्तव."

भट्टीची कॉइल त्याच आठवड्यात बदलून झाली होती. ते मी तिला सांगितलं नाही, आणते म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, अर्धी भुकटी भट्टीत भाजावी आणि अर्धी खरंच आईकडे, पहिल्यासारखीच झाकणावर विस्तव ठेवून. मग दोन्हींची तुलना करता येईल. हे विज्ञान झालं, की फक्त आईला दिलेला शब्द पाळणं, ते माझं मला ठरवता येत नाही. उद्या सरांना विचारणार आहे.