राजा कोंडण्याआधी

मी उठणारा माणूस आहे. लग्नात पंगत उशिरा बसली की न जेवता उठतो. बँकेत साहेब जागेवर नसला की पासबुक खिशात घालून उठतो. हायवेवरच्या एका कारखान्यातली नोकरी तर मी डबा अर्धा टाकून, उठून सोडली होती. बायको म्हणते, "तुमच्या नाकावर राग न्हाई, चपला हाईत." नोकरी पुन्हा मिळाली, पंगती तर कितीतरी मिळाल्या. पण एकदा भोरमध्ये बुद्धिबळाच्या पटावरून उठलो, ते मात्र आजवर भरून आलेलं नाही.

बुद्धिबळ मला मिस्त्रींनी शिकवलं. कापूरहोळच्या फाट्याजवळ त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. माझं घर वरवे बुद्रुकला. विहिरीवरची मोटार जळाली की ती गाडीवर बांधून मी त्यांच्याकडे न्यायचो आणि मोटारीत नवी तार भरून होईपर्यंत बाकड्यावर बसायचो. बाकड्यावर पट कायम मांडलेला असे. एक काळा हत्ती हरवला होता, त्याच्या जागी मोठा लोखंडी नट उभा केलेला. पहिल्या वर्षी मी त्या नटालाच घाबरायचो.

दुकानाचा एक कायदा होता. हरेल त्यानं शेजारच्या हॉटेलात चहा सांगायचा. त्यामुळे बरोबरी हा प्रकार आमच्याकडे नव्हताच. बरोबरी झाली तर चहा कोण सांगणार? राजाला शह नाही, पण त्याला हलायलाही घर नाही, दुसरं काही हलवायलाही नाही, असं झालं की मिस्त्री मोटारीतून डोकं वर न काढता म्हणायचे, "कोंडला. सांग चाहा." कोंडला तो हरला. याहून वेगळा काही नियम जगात असेल असं मला कधी वाटलंही नाही. मोबाईलवर मी खेळत नव्हतो, पुस्तक वाचलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कोंडून घ्यायची वेळ माझ्यावर फारशी यायची नाही. डाव जातोय असं दिसलं की मी राजा आडवा करून आधीच उठायचो.

दिवाळीनंतर भोरला बुद्धिबळाची जोड्यांची स्पर्धा असते. जोडीतले दोघं दोन वेगळ्या पटांवर खेळतात, दोघांचे गुण एकत्र धरतात आणि जिंकणाऱ्या जोडीला ढाल मिळते. मिस्त्री आणि त्यांचे एक निवृत्त पोस्टमन मित्र दरवर्षी जायचे आणि दरवर्षी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हरून परत यायचे. त्या वर्षी पोस्टमनकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मिस्त्रींनी मला विचारलं.

"औंदा दुकान बंद करतोय," ते म्हणाले. "गुडगं गेलं. लेकीकडं साताऱ्याला जायाचं. शेवटचं येकदा खेळून घेतो. येतूस का?"

मी हो म्हणालो. तेव्हाच माझं लक्ष भिंतीकडे गेलं. पान्यांच्या वरच्या फळीवर कायम तेलाचे डबे असायचे. ते खाली उतरवलेले होते आणि फळी फडक्यानं पुसून काढलेली होती. "ही कशाला मोकळी केली?" मी विचारलं. "उगंच," ते म्हणाले आणि कानामागची पेन्सिल शोधायला लागले. ढाल ठेवायला जागा केलीय हे मला कळलं. ज्या दुकानाला महिन्याभरात कुलूप लागणार होतं, तिथं त्यांना ती महिनाभर तरी बघायची होती.

"येक कर," निघताना ते म्हणाले. "उठू नगंस. मात हुईस्तवर बस."

"बसतो," मी म्हणालो.

आणि बसलोही. रविवारी सकाळपासून तीन फेऱ्या मी खुर्चीला चिकटून बसलो. एक डाव हरलो, दोन जिंकलो. मिस्त्री एकही हरले नाहीत. दुपारी फळ्यावर अंतिम फेरीच्या जोड्या लिहिल्या, तेव्हा ते फळ्यापाशी जाऊन स्वतःचं नाव दोनदा वाचून आले.

समोर वेल्ह्याचे दोन मास्तर होते. माझ्या वाट्याला आलेले मास्तर गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते आणि प्रत्येक चाल खेळल्यावर आपल्या सोंगट्या नीट घराच्या मधोमध सरकवायचे. त्या सरकवण्यानंच माझं डोकं फिरत होतं. विसाव्या चालीच्या आसपास माझा घोडा फुकट गेला. नेहमीसारखे पाय आपोआप खुर्चीखालून बाहेर आले. मी ते पुन्हा आत घेतले.

तासाभरात मिस्त्रींचा डाव संपला. ते जिंकले. हॉलमध्ये कुजबुज झाली आणि पाच-सहा माणसं आमच्या पटाभोवती येऊन उभी राहिली. हिशेब साधा होता. मी हरलो तर एक-एक, मग आधीच्या फेऱ्यांचे गुण बघणार, आणि त्यात मास्तरांची जोडी पुढे होती. मी नुसती बरोबरी केली तरी ढाल आमची. अर्धा गुण. मिस्त्री मास्तरांच्या खुर्चीमागे, माझ्या बरोबर समोर, हात मागे बांधून उभे राहिले. त्यांच्या बोटांना काळं तेल लागलेलं असायचं, त्या दिवशी ती घासून गोरी केलेली होती.

सोंगट्या मरत गेल्या. वजीर गेले, हत्ती गेले. शेवटी पटावर तीनच उरल्या. मास्तरांचा राजा, त्यांचं एक प्यादं आणि माझा राजा. प्यादं पटाच्या अगदी कडेच्या पट्टीत होतं, वजीर व्हायला दोन घरं बाकी. त्यांचा राजा त्याच्या शेजारी पहारा देत होता. माझा राजा कोपऱ्याजवळ. चाल माझी.

मी बघितलं. बाहेर निघालो तर प्यादं सरळ वजीर होतंय. कोपऱ्यात शिरलो तर ते एक घर पुढे येतंय आणि माझा राजा कोंडतोय. शह नाही, पण हलायला घरही नाही. म्हणजे दोन्हीकडून मेलोच. पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. माझ्या घड्याळात चार मिनिटं उरली होती. कानशिलं तापली होती. मी वर पाहिलं.

मिस्त्री पटाकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि एकदम वळले. माझ्याकडे पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभे राहिले.

ती पाठ बघून माझ्या मनात काय आलं ते अजून जसंच्या तसं आठवतं. संपलं. ज्यांच्यासाठी दिवसभर पाय आखडून बसलो, त्यांनीही माझी आशा सोडली. त्यांना बघवत नाहीये. मग मी कुणासाठी कोंडून घेऊ? सगळ्यांच्या देखत, मफलरवाल्याच्या हातून? संताप असा वर आला की घड्याळ, ढाल, दिलेला शब्द, काहीच दिसेना. मी राजा आडवा केला.

"सोडला," मी म्हणालो.

मास्तरांनी पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सोडला?" त्यांनी विचारलं. हळू विचारलं, चांगल्या मनानं विचारलं.

"सोडला म्हटलं ना!" मी हात पुढे केला.

त्यांनी हात मिळवला. तेवढ्यात मिस्त्री वळले. आडवा पडलेला राजा त्यांनी बघितला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पंच कागद घेऊन आले, सही घेतली आणि सहज म्हणाले, "अहो, कोपऱ्यात गेला असतात तर कोंडी होती. आणि कोंडी म्हणजे बरोबरी."

मला आधी वाक्याचा अर्थच लागला नाही. मग लागला. ढाल वेल्ह्याला गेली. टाळ्या वाजल्या तेव्हा मिस्त्रींनीही वाजवल्या.

परत येताना ते माझ्या गाडीवर मागे बसले होते. माणसानं अशा वेळी गप्प राहावं. मी गप्प राहिलो नाही. भोरमधून बाहेर पडल्यापासून मी वाऱ्यावर ओरडत होतो. "कोंडला तो हरला, कुनी शिकवलं? तुमीच ना? मग सांगायचं न्हाई का, तिथं येगळं असतंय म्हून? आन वर पाठ केली! म्या बघितलं तुमच्याकडं, तर पाठ!" त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढला नाही. गुडघ्यांमुळे त्यांना धरून बसावं लागायचं.

दुकानापाशी उतरून त्यांनी शटर वर केलं आणि बाकड्यावर बसले. मी उभाच होतो.

"तो नियम माझा," ते म्हणाले. "चाहासाठी काढल्याला. तुला सांगाया पायजे हुतं. ध्यानातच आलं न्हाई बग. इतकी वर्सं झाली, दुकानात दुसरा नियम कदी निघालाच न्हाई."

"आन पाठ?"

त्यांनी पटावरचा तो नट उचलून बोटांत फिरवला.

"मला दिसलं हुतं," ते म्हणाले. "तू कोपऱ्यात गेलास की जमलं, हे दिसलं. आन त्वांडावर हसूच याया लागलं. आवरंना. तू नेमका माझ्याकडं बघत हुतास. म्हनलं, ह्यानं माझं त्वांड बघून चाल खेळली तर ती ढाल घिऊन काय करू? म्हून फिरलो."

मी खाली बसलो. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा ढाल दिसत होती, आणि ती खरी मिळावी म्हणून त्यानं तोंड लपवलं होतं. मी त्याच्याकडे पाठीचा हिशेब मागत आलो होतो, भोरपासून कापूरहोळपर्यंत. मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

मिस्त्री उठले, दारात गेले आणि शेजारी हाक मारली, "दोन चाहा पाठवा रं." हरेल त्यानं सांगायचा चहा त्यांनी सांगितला. मी नको म्हणालो तर हातानंच गप्प केलं.

चहा झाल्यावर ते स्टुलावर चढायला लागले. गुडघा दुमडेना. मी धरलं. "खालचं डबं दे वर," ते म्हणाले.

मी तेलाचे डबे एकेक करून त्यांच्या हातात दिले. ते एकेक करून फळीवर ठेवत गेले. सगळी फळी भरेपर्यंत मी तिथंच उभा होतो.