लुगड्यात गुंडाळलेली बंदूक

महायुद्धाच्या दिवसांत मी पाटणच्या कचेरीत बंदुकांचे परवाने लिहायचो. सकाळी कोयनेवरचं धुकं खिडकीतून आत यायचं. त्या धुक्यातूनच तो म्हातारा आला, असं मला अजून वाटतं. झोपलेलं मूल ठेवावं तशी त्यानं लुगड्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक माझ्या टेबलावर ठेवली.

“परवाना वाढवायचाय?” मी विचारलं.

“न्हाई सायेब. सरकारात जमा करा.”

“का? रानात डुकरं येत नाहीत आता?”

“डुकरं येत्यात की. भाऊ येत न्हाई.” तो लुगड्याच्या घड्या घालू लागला. “धाकटा दर साली बांध कोरायचा. मी वरडायचो, त्यो शिव्या द्यायचा, आन सांजच्याला दोघं एकाच चिलमीवर बसायचो. बंदूक घरात आली तवापास्नं बांधाला हात लावत न्हाई. मला आवंजावं करतोय.”

बंदूक कशासाठी हवी, हे आमच्या अर्जात विचारलेलं असे. तिच्यामुळं घरी यायचं कोण थांबेल, हे कधीच कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढं एकदा आठवडी बाजारात तो दिसला. बहुतेक त्या साली बांध त्यानंच कोरला असावा, कारण त्याच्याच तोंडवळ्याचा एक माणूस त्याच्यावर ओरडत होता, “थेरड्या, लाज न्हाई व्हय रं तुला?”

म्हातारा डोळे मिटून ऐकत होता, भजन ऐकावं तसा.