हँडलवरची पिवळी रेघ

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. अमरावतीच्या आमच्या गल्लीतल्या हँडलवाल्या मिस्त्रीचं एक काम चुकलं आणि त्यानं हत्यारं ठेवून दिली, असं सगळे सांगतात. त्या बाजूचे असाल तर तुम्हीही ऐकलं असेल. ते काम त्याचं चुकलं नव्हतं. चुकवणारा मी होतो.

पण आधी तो माणूस सांगतो.

"मले पटून नाई राहिलं." हे त्याचं दिवसातून वीस वेळा निघणारं वाक्य. नवाकोरा नट हातात घ्यायचा, अंगठ्याच्या नखानं त्याचे आटे खरवडून बघायचा आणि हे म्हणायचा. नट माझ्याच दुकानातला असायचा. त्याच्या शेजारी माझं स्पेअर पार्टचं दुकान. मधे एक भिंत, आणि तिच्यावर तो घेत असलेला संशय.

चहावाला आला की पहिला घोट घेऊन विचारायचा, "आज दूध बदललं का बे?"

"नाही भाऊ, तेच आहे."

"मंग तू बदलला असशील."

संध्याकाळी कुलूप लावायचा, चौकापर्यंत जायचा आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचा. मला हसू यायचं. "हास तू," म्हणायचा, "चोर बी असाच हासत असन." कुणी कामाची तारीफ केली तरी त्याच्या कपाळावर आठी. "आता हा काईतरी फुकट करून मांगते, पाह्यजो." आणि बहुतेक वेळा तो माणूस मागायचाच.

त्याचं काम होतं तीनचाकी मोटारसायकलींचं. पुढे एक चाक, मागे दोन. पाय अधू असलेली माणसं या गाड्या चालवतात. त्यांच्या अंगाचा सगळा भार हातांवर येतो, आणि कंपनीचं हँडल धडधाकट माणसाच्या हिशोबानं हातांपासून लांब असतं. मग लोक बाजारातलं उंच, मागे वळलेलं हँडल घेतात. विकायचो मी, बसवायचा तो.

त्याची पद्धत अशी. माणसाला गाडीवर बसवायचा. "डोये मिट. हात पुढं कर. जिथं थांबतीन तिथं थांबू दे." गिऱ्हाईक लाजायचं, आजूबाजूला बघून डोळे मिटायचं. हात हवेत कुठेतरी थांबायचे. तो खाली बसून, उभं राहून, एक डोळा बारीक करून ती जागा बघायचा आणि हँडल तिथवर आणायचा. मी एकदा विचारलं, डोळे कशाला मिटायला लावता? म्हणाला, "उघड्या डोयानं मानूस हँडल पाहून हात नेते. मिटल्या डोयानं हात आपल्या जागी जाते."

चांदूर बाजारहून शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. पायाबरोबर त्यांचा डावा हातही थोडा आखूड. दुसऱ्या एका मिस्त्रीनं त्यांना सांगितलं होतं, जरा पुढे वाकून चालवत जा. यानं दोन दिवस घालवून हँडलची डावी बाजू कापली, वळवली, पुन्हा जोडली. ताई संकोचून म्हणाल्या, "एवढं कशाले भाऊ, मी वाकली असती ना." तसा तो चिडलाच. "हातानं गाडीपर्यंत काहून जावं? गाडीनं यावं हातापर्यंत!" त्या गेल्यावर बराच वेळ तो गल्लीच्या वळणाकडे बघत उभा होता. मी विचारलं, काय झालं? "काई नाई. वयनावर पाहून राहिलो, वाकते का."

हँडल बसलं की इंजिन चालू ठेवून ते दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघायचा. हँडल मागे आणलं की जुनी रेसची वायर आखूड पडते. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. पण हँडल पूर्ण वळवलं की वायर ताणली जाते आणि गाडी आपोआप रेस घेते. तशी घेतली तर लांब वायर आल्याशिवाय तो गाडी सोडायचा नाही. सगळं पटलं की बोल्ट आवळायचा आणि बारीक ब्रशनं पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा, अर्धी हँडल धरणाऱ्या क्लॅम्पवर, अर्धी हँडलवर. हँडल केसभर सरकलं तरी रेघ तुटलेली दिसायची. "मानसाचा भरोसा नाई, पान्याचा नाई. रेघीचा आहे."

मला त्याच्याबद्दल आदर होता, आणि रागही होता. एकदा गिऱ्हाइकाचा घाईचा बोल्ट मी स्वतः आवळून दिला, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "शेठ, तू नुसतं सामान इक. लावू नोको." लोक हसले. मीही हसलो. पण ते आत बसलं होतं.

मग अकोल्याचे वकीलसाहेब आले. लहानपणापासून एक पाय अधू, काखेत कुबडी, तीनचाकीवर अकोला-अमरावती करणारा हिमतीचा माणूस. मिस्त्रीचं नाव ऐकून आले होते. डोळे मिटायला सांगितलं तर म्हणाले, "मिस्त्री, डोळे मिटून आम्ही कुठं सहीसुद्धा करत नाही." तरी मिटले. हँडल बसलं. वकीलसाहेबांना ते अजून दोन बोटं मागे हवं होतं.

"दोन बोटं मांग घेतलं त वायर ताणते, साहेब. लांब वायर मांगवतो. चार दिवसांनी येजा."

हँडल जुन्या वायरला झेपेल तिथेच त्यानं आवळलं, रेघ ओढली, गाडी आमच्या मधल्या भिंतीला लावली. वकीलसाहेब एसटीनं परत गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री जेवायला घरी गेला होता. मला वकीलसाहेबांचा फोन आला. ते काही कामानं अमरावतीत होते. दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख, गाडी आजच हवी. "त्यांना म्हणावं, तेवढी दोन बोटं करून टाका. उगाच संशय घेत बसतात."

मी म्हणालो, "सांगतो साहेब."

सांगितलं नाही. पाना घेतला, बोल्ट ढिले केले, हँडल दोन बोटं मागे घेतलं. मला वायरचं माहीत नव्हतं असं नाही. शेजारी बसून शंभर वेळा ऐकलं होतं. मी हँडल वळवूनही बघितलं. पण गाडी भिंतीला लागून होती, हँडलचं टोक भिंतीला टेकलं. गाडी हातभर पुढे ओढली असती तर कळलं असतं. मी ओढली नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला सगळीकडे भूत दिसतं.

रेघ तुटली होती. ती मी पेट्रोलच्या चिंधीनं पुसली आणि त्याच्याच डबीतला ब्रश घेऊन नवी ओढली. हुबेहूब.

वकीलसाहेब आले, बसले, खूश झाले. मी म्हणालो, "मिस्त्रींनी करून ठेवलं." मिस्त्री जेवून आला तेव्हा गाडी नव्हती. त्याला सांगितलं, साहेब थांबलेच नाहीत, घेऊन गेले. तो म्हणाला, "मले पटून नाई राहिलं," आणि कामाला लागला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे वकीलसाहेबांनी चहासाठी एका टपरीकडे गाडी वळवली. हँडल पूर्ण वळलं, गाडीनं आपोआप रेस घेतली आणि ती आडवी झाली. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. कुबडी ज्या काखेत, तोच खांदा. म्हणजे पायही गेल्यासारखेच. चार महिने ते घरात पडून राहिले.

गाडी टेम्पोतून आमच्या गल्लीत आली. मिस्त्री तिच्याजवळ बसला. आधी रेघ बघितली. सलग होती. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, वायर ताणली गेली. पुन्हा रेघ बघितली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी माझ्या गल्ल्यामागून बघत होतो.

"शेठ, तू होता नं दुकानात? म्या हँडल मांग घेतलं होतं का रे?"

"मले नाही आठवत, भाऊ." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "घेतलं असन."

"रेघ त माहीच आहे," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मला प्रत्येकाचा संशय येऊ लागला. चहावाला ग्लास ठेवून जरा थांबला की वाटायचं, यानं पाहिलं असेल. मिस्त्री सहज माझ्याकडे बघायचा तरी वाटायचं, ताडलं. तो अकोल्याला माफी मागायला निघाला तेव्हा मीही त्याच्यासोबत एसटीत बसलो. गल्ली म्हणाली, शेजारी असावा तर असा. मी गेलो होतो ते वकीलसाहेबांच्या तोंडून फोनचा विषय निघू नये म्हणून.

तो पलंगाशी उभा राहिला, हात जोडले. "साहेब, माह्या हातून झालं."

वकीलसाहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "तुमचं नाव ऐकून आलो होतो, मिस्त्री." मग जरा नरमून, "तसं मी फोनवर यांना म्हणालोच होतो की..."

"साहेब, तुमची गोळी घ्यायची राहिली का?" मी मधेच बोललो. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं आणि बोलणं तिथेच तुटलं.

परतीच्या एसटीत तो स्वतःचे तळवे उघडून बघत बसला होता. मधेच म्हणाला, "तू आला, बरं झालं. येकट्याले जमलं नसतं."

नंतर त्यानं हँडलचं एकही काम घेतलं नाही. गिऱ्हाईक यायचं, तर म्हणायचा, "या हाताचा आता भरोसा नाई." चांदूर बाजारच्या ताई आल्या, त्यांनाही तेच. त्या म्हणाल्या, "माझा आहे ना भरोसा!" तर तो आत निघून गेला. वर्षभरात दुकान बंद करून तेल्हाऱ्याला लेकीकडे गेला.

मागच्या हिवाळ्यात मी तिथे गेलो होतो. सांगायचं ठरवूनच. लेकीच्या अंगणात कापसाचा ढीग पडला होता आणि तो बाजेवर बसला होता. मला बघून एवढा खूश झाला की त्यानं लेकीला दोनदा चहा करायला लावला. दूध कसलं, हे एकदाही विचारलं नाही. नातवाची सायकल कडेला होती, चेन उतरलेली. मी म्हणालो, भाऊ, बसवा की. "नाई बाप्पा, त्याचा बाप बसवन." उठताना म्हणाला, "शेठ, एक गोष्ट इचारू? इतकी कामं केली, तेवढ्याच दिवशीचं मले काईच आठवत नाई. असं होते का मानसाचं?"

जगावर संशय घेणाऱ्या या माणसानं कधी माझ्यावर घेतला नाही. घेतला असता तर मी सुटलो असतो.

"होते भाऊ. वय झालं," मी म्हणालो आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो.

तो अजून तेल्हाऱ्यालाच आहे. वकीलसाहेब बरे झाले, कोर्टात जातात, पण आता रिक्षानं. मी दुकान चालवतो, हँडल विकतो. त्या दोघांना समोरासमोर बसवून, हँडल मी मागे घेतलं आणि रेघ मी ओढली, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.