रोजची गोळी आम्ही औषधात धरलीच नव्हती

मागच्या बुधवारी सकाळी आमच्या मिस्टरांना मोटरसायकलला किक मारता येईना.

श्रीगोंद्याजवळ आमचं गाव. मी शाळेत शिकवते, हे शेती बघतात... ऊस आणि थोडा कांदा. त्रेपन्न वर्षांचा माणूस, पण अजून खताची गोणी एकटा खांद्यावर टाकतो. आणि तोच माणूस अंगणात किकवर पाय ठेवून उभा, जोरच लागेना.

"मांड्या लई दुखत्यात गं," एवढंच म्हणाले.

तसं दोन-तीन दिवस ते म्हणतच होते. मी काय केलं? चेष्टा केली. उसाला पाणी देऊन देऊन पाय भरलेत, वय झालं आता तुमचं, असं म्हणून तेल गरम करून दिलं. आमच्या घरात रोग काय झालाय हेही मीच ठरवते आणि त्यावर उपायही मीच... मास्तरीण ना!

पर्स उचलून निघणार, तेवढ्यात हे बाथरूमच्या दाराला धरून उभे. "जरा इकडं ये. हसू नको." लाजत लाजत दाखवलं. लघवीचा रंग बिनदुधाच्या चहासारखा होता.

हसणं राहिलं बाजूला. शाळेत फोन केला, शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली आणि थेट नगर गाठलं. गाडीत बसताना ह्यांचा पाय मला दोन्ही हातांनी उचलून आत ठेवावा लागला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मांड्या दाबून बघितल्या, रक्त घ्यायला लावलं. मग विचारलं, गेल्या महिनाभरात काय काय औषधं घेतली? मी सांगितलं, खोकला झाला होता, गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, कोर्स परवाच संपला. "आणि रोजच्या गोळ्या? बीपी, शुगर, कोलेस्ट्रॉल... सगळं सांगा."

हां, कोलेस्ट्रॉलची एक आहे, म्हटलं. दोन वर्षं झाली, जेवण झालं की मीच हातावर ठेवते.

बाई लिहायच्या थांबल्या. काही अँटिबायोटिक अशी असतात म्हणे, की त्यांच्यामुळे ही गोळी अंगात साठत जाते. ह्यांचे स्नायू तुटायला लागले होते आणि त्याचा सगळा भार किडनीवर येत होता. रिपोर्ट बिघडत गेले तर डायलिसिस करावं लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं... आणि मी इकडे घरी तेल चोळत बसले होते!

"काका, खोकल्याचं औषध देताना डॉक्टरांनी विचारलं नव्हतं का, दुसरं काही चालू आहे म्हणून?"

विचारलं होतं. चांगलं स्पष्ट विचारलं होतं. पण ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले होते, "नाही नाही, काही नाही." खोटं बोलायचं नव्हतं हो मला. पण औषध म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायचं, असंच डोक्यात. ती गोळी आमच्याकडे मीठ-मिरचीइतकी रोजची झाली होती. ती औषध आहे हेच विसरायला झालं होतं.

मी हे सांगणार, तोच सलाईन लावलेला हात जरासा वर करून हे म्हणाले, "मीच इसरलो सांगायला, मॅडम. चुकलंच माझं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढचे दोन दिवस फक्त सलाईन, लघवीचं माप आणि रिपोर्टची वाट. तिसऱ्या दिवशी रंग निवळला. किडनी वाचली... बाईंनी सांगितलं तेव्हा मी तिथेच वॉर्डात रडले.

कोलेस्ट्रॉलची गोळी सध्या बंद आहे. पुढच्या तपासणीनंतर दुसरी देतील, कमी डोसची. ती आपल्या मनाने सुरूही करायची नाही आणि कधी बंदही करायची नाही, असं बजावून सांगितलंय. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो आता माझ्या मोबाईलमध्ये आहेत. तुम्हीही काढून ठेवा, आणि अंग विनाकारण दुखायला लागलं तर तेल नंतर, आधी डॉक्टर.

आता हे घरी आहेत, काठी घेऊन अंगणात फिरतात. काल सासूबाई सगळ्यांसमोर ह्यांच्यावर चिडल्या, "एवढं बी सांगता येत न्हाई व्हय रं तुला?" हे खाली मान घालून ऐकत होते. "इसरलो गं आई," म्हणाले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगतात. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते... ते विसरले नव्हते. त्यांना मी बोलूच दिलं नव्हतं.