बकल लावलं होतं

मी बकल लावलं होतं. हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं म्हणत आलोय आणि आजवर एकाही माणसाने त्यावर विश्वास ठेवलेला नाही. आईने नाही, डॉक्टरांनी नाही, जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने नाही, पुढे लग्न झाल्यावर बायकोने नाही. आणि वडिलांनी, म्हणजे आमच्या अप्पांनी, तर मुळीच नाही.

बाविसाव्या वर्षी पुण्यात, घराजवळच्या उतारावर सांडलेल्या खडीवरून माझी मोटरसायकल घसरली. मी आडवा झालो, डोक्यावरचं हेल्मेट निसटून माझ्याआधी पुढे गेलं आणि मग माझं उघडं डोकं दुभाजकावर आपटलं. वाचलो. पण तेव्हापासून मला वास येत नाही. कसलाच नाही. फोडणी करपली की धूर दिसतो तेव्हा कळतं, आणि दूध नासलंय का हे मला आजही बायकोला विचारावं लागतं. ते हेल्मेट नंतर सापडलंच नाही. मला रिक्षात घालेपर्यंत जमलेल्या गर्दीतल्या कुणीतरी ते उचलून नेलं. पुरावा गेला आणि निकाल एकतर्फी लागला. हेल्मेट उडालं, त्या अर्थी याने बकल लावलं नव्हतं.

अशा माणसाच्या मुलीने एकोणिसाव्या वर्षी मेलबर्नमध्ये मोटरसायकल घ्यावी, याला काय म्हणायचं?

मेलबर्नच्या कडेला, ट्रुगानिनात आम्ही घर घेतलं तेव्हा एजंट म्हणाला होता, आमच्या रस्त्यावरून बस सुरू होतेच आहे. अजूनही ती सुरू होतेच आहे. मुलीला युनीला, म्हणजे युनिव्हर्सिटीला जायला गाडी, ट्रेन आणि ट्राम मिळून दीड तास लागतो, आणि स्टेशनच्या पार्किंगमध्ये सकाळी सातनंतर मुंगीलाही जागा मिळत नाही. हे सगळं मला मान्य होतं. पण पोरीने त्यावर उपाय शोधला तो हा. बेकरीतल्या शिफ्टचे पैसे साठवून एक जुनी लहान मोटरसायकल घेतली, लर्नर्स लायसन्सची परीक्षा पास झाली आणि मग आम्हाला सांगितलं. मी बायकोकडे आशेने पाहिलं. ती हॉस्पिटलात नर्स आहे, तिने तरी विरोध करायला हवा होता. ती म्हणाली, “तिचं ती बघतेय ना? चालवू दे. पण हेल्मेट तू बरोबर जाऊन चांगलं घे. सोमवारच्या आत.”

सोमवारपासून ती युनीला मोटरसायकलने जाणार होती. म्हणून शनिवारी दुपारी आम्ही दोघं दुकानात.

त्याआधी आठवडाभर फोनवर अप्पांचं चालू होतं. त्यांचं म्हणणं, हेल्मेट मी पुण्याहून पाठवतो, शेजारच्या काकू पुढच्या महिन्यात मेलबर्नला लेकीकडे येतायत, त्यात भरून लाडूही येतील. इथे हेल्मेटवर इथला शिक्का लागतो, तुमचं चालणार नाही, असं सांगितल्यावर ते दुखावले. “डोकं तर तेच आहे ना?” म्हणाले.

दुकान म्हणजे एक भलंमोठं पत्र्याचं गोडाऊन. भिंतभर हेल्मेटं, आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. काउंटरवर साठीच्या बाई होत्या, कमरेपर्यंत पांढरी वेणी, एक गुडघा दुखरा असावा कारण त्या चालताना दर रॅकचा आधार घेत होत्या. त्यांनी काय हवंय ते विचारलंच नाही. टेप काढली आणि मुलीच्या भुवयांच्या वर, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून गुंडाळून माप घेतलं. मग पुन्हा घेतलं. मग थोडं लांब जाऊन तिच्या डोक्याकडे वरून पाहिलं, आणि गोल आहे की लांबट आहे याचा विचार करत बसल्या. पोरीचं डोकं लांबट निघालं. एकोणीस वर्षं ते मी रोज बघतोय, मला कधी कळलं नाही.

मला हे सगळंच जास्त वाटत होतं. आमच्या घरात हेल्मेट असं आलं नव्हतं. मुळात पुण्यात हेल्मेट घालणं म्हणजे पोलिसांना शरण जाणं. ज्या वर्षी चौकाचौकांत पावत्या फाडायला लागले, त्या वर्षी अप्पांनी नाइलाजाने एक हेल्मेट आणलं. एकच. घरात गाडी एक, तर हेल्मेट दोन कशाला? जो गाडी काढेल त्याने खुंटीवरचं हेल्मेट घालायचं. छत्रीसारखं. घरातलं सगळ्यात मोठं डोकं अप्पांचं, तेव्हा माप त्यांचं. त्यांना झालं की सगळ्यांना झालंच. आईही एकदा ते घालून मंडईत मागे बसून गेली होती आणि परत आल्यावर म्हणाली होती, छान आहे, हवा खेळती राहते.

इथे पहिलं हेल्मेट मुलीच्या डोक्यात जायलाच दोन मिनिटं लागली. पट्टे दोन्हीकडे ओढायचे, कान दुमडू नयेत म्हणून बोटं घालायची. आत गेल्यावर गाल असे वर आले की दोन्ही गालांत मोदक कोंबल्यासारखी दिसायला लागली.

“घट्ट होतंय हे,” मी बाईंना इंग्रजीत सांगितलं.

“घट्टच हवं,” त्या म्हणाल्या. “गाल दाबले गेले पाहिजेत. कपाळ दुखता कामा नये.” मग मुलीकडे वळून, “वीस मिनिटं घालून फिर, लव्ह.” इथे दुकानातल्या बायका कुणालाही लव्ह म्हणतात.

वीस मिनिटं! मुलगी हेल्मेट घालून दुकानात फेऱ्या मारत राहिली, हातातला फोन बघत. मी जॅकेटांच्या रॅकला टेकून उभा. वीस मिनिटांनी काढलं तर कपाळावर लाल वळ. म्हणजे हे बाद. दुसरं. पुन्हा वीस मिनिटं. त्याने कानाच्या वर टोचलं. तिसरं बरं होतं, पण चष्म्याची काडी आत जाईना. चौथ्यात चष्मा गेला, पण मान वळवली की हेल्मेट तिथेच आणि तोंड दुसरीकडे, तेही बाद. पाचवं मला आवडलं तर तिला रंग आवडला नाही. सहावं तिला आवडलं तर बाईंना आवडलं नाही! दोन तास झाले होते. लग्नाची साडी घेताना मी एवढा उभा राहिलो नव्हतो.

मध्येच मुलीने एका नव्या हेल्मेटचं आतलं अस्तर काढून माझ्या नाकापुढे धरलं. “बाबा, स्मेल धिस, नवीन शूजसारखा...” आणि मग, “ओह. सॉरी, बाबा.”

“असू दे,” मी म्हणालो.

तिथे माझं पित्त खवळलं. मी सरळ गेलो, मोठ्या मापाचं एक हेल्मेट रॅकवरून काढलं आणि स्वतःच्या डोक्यात घातलं. आहा. कुठे दाबत नाही, कुठे टोचत नाही, कानाला मोकळी हवा. मी बकल लावून मुलीपुढे उभा राहिलो.

“हे घेऊ. कम्फर्टेबल आहे.”

“बाबा, इट्स फॉर मी.”

“अगं, तुला होईलच की. मला झालं म्हणजे तुला होतंय. उद्या मीही कधी तुझ्या मागे बसेन, तेव्हा...”

“लर्नर्सवर मागे कुणाला बसवता येत नाही. आणि तू बसलास तर मी काय घालू?”

याचाही मी विचार केलेला नव्हता. पण दोन तास उभं राहिलेल्या माणसाला हरायचं नसतं. मी हेल्मेट काढून तिच्या डोक्यात घातलं. कसं सहज गेलं. कान दुमडले नाहीत, चष्मा अडला नाही, गाल जागच्या जागी राहिले. बकल मी स्वतः लावलं, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकं, व्यवस्थित ओढून. “आता सांग. दुखतंय कुठे?”

“नाही,” ती म्हणाली. “इट्स ॲक्चुअली नाइस.”

“बघा,” मी बाईंना म्हणालो. माझ्या आवाजात जरा जास्तच विजय होता.

बाई रॅकचा आधार घेत आल्या, मुलीच्या मागे उभ्या राहिल्या, आणि “एक्स्क्यूज मी, लव्ह,” म्हणून हेल्मेटची मागची कड दोन्ही हातांनी धरली आणि वर, पुढे ढकलली. जोरात नाही. बरणीचं झाकण उघडावं इतक्याच जोराने. हेल्मेट मुलीच्या डोक्यावरून पुढे गडगडलं आणि निघून बाईंच्या हातात आलं. मुलीचे केस तोंडावर आले, चष्मा खाली पडला.

बाईंनी हेल्मेट माझ्यापुढे धरलं. पट्टा खाली लोंबत होता आणि बकल लावलेलं होतं. मी लावलेलं, तसंच.

“सैल असलं की बकल लावून काही उपयोग नाही, मेट,” त्या म्हणाल्या. “पडताना सगळ्यात आधी हेच निघून जातं. मग लोक म्हणतात, बकल लावलं नव्हतं.”

मी ते हेल्मेट हातात घेतलं. बकल उघडून पाहिलं, पुन्हा लावलं. कट् असा आवाज झाला. तोच आवाज. त्या दिवशी घरातून निघताना मी खुंटीवरचं हेल्मेट घातलं होतं, जिन्यात उभं राहून पट्टा ओढला होता आणि असाच आवाज झाला होता. मला तो नेहमीच आठवत होता, पंचवीस वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत होतो. मी खोटं बोलत नव्हतो. आणि खरं सांगायचं तर मधल्या काही वर्षांत मलाच वाटायला लागलं होतं की नसेलही लावलं, एवढी सगळी माणसं म्हणतात तर.

पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आत्ताच्या आत्ता अप्पांना फोन करायचा. व्हिडिओवर हेल्मेट दाखवायचं, बाईंना पुन्हा ते करून दाखवायला सांगायचं. मी खिशातून फोन काढलाही.

आणि मग खुंटीवरच्या त्या हेल्मेटचं माप कुणाचं होतं ते आठवलं.

मी फोन तसाच खिशात ठेवला. मुलगी चष्मा पुसत माझ्याकडे बघत होती. “बाबा, यू ओके?”

“घट्टवालं घे,” मी म्हणालो. “तिसरं होतं ना, त्यातलंच चष्मा जाईल असं काहीतरी बघा म्हणावं बाईंना.”

मग आणखी पाऊण तास गेला, पण मी एकदाही टेकलो नाही की बोललो नाही. अखेर एक सापडलं. गाल दाबले जात होते, कपाळ नाही. वीस मिनिटं झाल्यावर बाईंनी मागून कड धरून ढकललं. हेल्मेट हललं नाही. मीही ढकलून पाहिलं. मुलीची अख्खी मान पुढे आली, ती ओरडली, पण हेल्मेट जागचं हललं नाही. मी आणखी एकदा ढकललं. तिने माझा हात झटकला.

पार्किंगमध्ये गाडीत बसतो न बसतो तोच अप्पांचा व्हिडिओ कॉल. पुण्यात सकाळ होती. ऐंशीच्या घरातले अप्पा फोन इतका जवळ धरतात की नुसतं कपाळच दिसतं. तेही मोठं आहे.

“घेतलं का?”

“घेतलं.”

“सैलसर घेतलं ना? घट्ट घेतलं की घाम येतो, डोकं चढतं. मी तेव्हा बघून घेतलं होतं बघ, किती मोकळं होतं.”

“हो, अप्पा.”

अपघातानंतरचे सहा महिने अप्पा रोज सकाळी हिंगाची डबी उघडून माझ्या नाकाखाली धरायचे. आला का रे? नाही, अप्पा. मग डबी बंद करून गॅलरीत जाऊन उभे राहायचे, बराच वेळ. एक दिवस त्यांनी डबी धरणं थांबवलं आणि त्यानंतर माझ्या नाकाचा विषय घरात कधी काढला नाही. बकलाचा मात्र काढत राहिले. दर गणपतीत, दर फोनवर, माझ्या लग्नात व्याह्यांसमोरसुद्धा. मला त्याचा इतका राग यायचा की मी दोनदा फोन आपटलाय. आत्ता पहिल्यांदाच मला कळलं की ते बकल हातातून सुटलं, तर अप्पांच्या हाती त्यांनीच आणलेल्या हेल्मेटचं माप तेवढं उरेल.

“आणि तिला सांग,” अप्पा म्हणाले, “बकल लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. तुझ्यासारखं नको.”

शेजारच्या सीटवर मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता मी चिडणार, हे तिला लहानपणापासून पाठ आहे. तिने कॉल बंद करायला हातही पुढे केला होता.

“हो, अप्पा,” मी म्हणालो. “मी तेव्हा लावलं नव्हतं.”

कपाळ मागे गेलं आणि अप्पांचा पूर्ण चेहरा दिसला.

“अगं ए,” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली, “ऐकलंस का? केलं बघ कबूल!”