उसातला हरभरा

सणसरला रोज एक मुलगी एसटीत चढते आणि बहुधा माझ्या पुढच्याच बाकावर बसते. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर गणिताची वही असते. उजवा हात उदाहरण सोडवतो आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ताल धरतो. गाडी खड्ड्यात आदळली की पेन्सिल थांबते, अंगठा मात्र थांबत नाही.

बारामतीच्या कॉलेजात ती एकाच पदवीला गणित आणि संगीत असं दोन्ही शिकते, हे परवा तिच्या शेजारी बसलेल्या, तिच्या गावच्या आबांमुळं कळलं.

"दोन-दोन विषय? एक पचंना म्हणून दुसरा घेतला का काय?" आबांनी टोमणा मारला.

ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "आबा, तुमी उसात हरभरा घेता, तवा ऊस रुसतो व्हय?"

"न्हाय गं. उलट जोमानं येतो."

"मग? माझंबी तसंच हाय."

आबा खो खो हसले. मला हसता आलं नाही.

बारावी झालेल्या माझ्या मुलीलाही हेच दोन विषय हवे होते. "एक काय ते धड कर, गाणं सोड," असं मी आदल्याच दिवशी तिला बजावलं होतं. खरं सांगतो, काळजी तिच्या अभ्यासाची नव्हती. पोरगी गाणं शिकते म्हटल्यावर भावकी काय म्हणेल, याची होती. ती ताटावरून उठून गेली आणि मी पोटभर जेवलो.

बारामतीला उतरल्यावर स्टँडवरूनच मुलीला फोन लावला. "दोन्ही घे," एवढंच बोललो.

 फोन न ठेवताच ती घरात ओरडली, "आई!"